डाव्या बाजूचं वजन

थोरल्या लेकीला, जोलीनला, जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली सकाळ. व्हर्ना स्ट्राउड स्वयंपाकघरात लोकांची भांडी धूत उभी होती. मुलाच्या, टेटच्या, मयतीला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण भरून आणलेली ती भांडी. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर ज्याच्या त्याच्या घराचं नाव. ते पुसलं जाऊ नये म्हणून ती बूड तेवढं कोरडं ठेवत होती.

तिचा नवरा डेलबर्ट आतल्या खोलीतून आला. टोपी डोक्यावर, जाकीट हातात.

"कुंपण बघून येतो," तो म्हणाला.

व्हर्नानं मान वळवली. त्याचा शर्ट पँटीच्या बाहेर होता.

तिनं नळ बंद केला.

डेलबर्टचा धाकटा भाऊ फ्लॉइड, बायको गेल्यावर, असाच एका सकाळी बंदूक घेऊन, कुंपण बघून येतो म्हणून गेला होता. त्याला शोधायला डेलबर्टच गेला होता, आणि त्यानंच त्याचा देह घरी आणला होता.

"शर्ट बाहेर का?" तिनं विचारलं.

"असाच."

"चाळीस वर्षांत कधी बाहेर सोडला नाहीस. लग्नाच्या रात्रीसुद्धा खोचलेलाच होता."

तो हसला नाही. तिलाही हसू आलं नव्हतं. बोलायचं म्हणून ती बोलली होती.

"टेटचं घेतलंस," ती म्हणाली.

"हो."

ते छोटं पिस्तूल टेट रोज कमरेला लावायचा, वर शर्ट सोडून. दुकानात, चर्चमध्ये, आईकडे जेवायला आला तरी. तेलविहिरीच्या कामावर मात्र ते नेऊ देत नसत. म्हणून त्या दिवशीही ते ट्रकच्या कप्प्यात होतं आणि टेट वर विहिरीवर, घसरून आलेल्या लोखंडी पाइपांखाली. मुकादमानं त्याची टोपी, डबा आणि हे पिस्तूल कागदी पिशवीत घालून आणून दिलं. पिशवी इतके दिवस कपाटावर होती. तिच्याकडे बघायचं नाही, असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

"कसं आहे?" व्हर्नानं विचारलं. नवीन बुटांबद्दल विचारावं तसं.

डेलबर्टनं जरा विचार केला.

"एवढंसं आहे गं. मुठीत मावत नाही म्हणावं तर उलटंच, मूठच त्यावर मावत नाही. करंगळी खाली लोंबते. चाप कडक आहे. आणि बसलं की बरगडीत रुततं. दिवसभर ट्रकमध्ये कसा बसायचा कोण जाणे."

"तो म्हणायचा, अंगावर आहे ते विसरायला होतं."

"थापा मारायचा. पहाटेपासून लावलंय. क्षणभर विसरलो नाही."

व्हर्नानं हात टॉवेलला पुसले. ते सावकाश पुसले, बोटं एकेक करून. मग ओला हात नको म्हणून पुन्हा पुसले आणि एक हात पुढे केला.

"दाखव."

त्यानं शर्ट वर केला. चामड्याचं म्यान डाव्या बाजूला होतं, मूठ मागे. टेट डावखुरा होता. उजव्या हाताच्या डेलबर्टला ते धड काढताही येईना. कोपर वाकडं करून, ओढून, त्यानं ते कसंबसं बाहेर घेतलं. म्यान आतून वळलेलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या कमरेच्या आकारानं.

या मुलखात हत्यार कुणाच्या हातात तसंच देत नाहीत. देणारा उघडून दाखवतो, आणि घेणारा स्वतः बघतो. नवरा असो, बाप असो, शब्दावर कुणी विसंबत नाही. याच टेबलाशी टेटला तिनंच ते शिकवलं होतं. डेलबर्टनं गोळ्यांची मॅगझीन काढून टेबलावर ठेवली, वरचा भाग मागे ओढून अडकवला आणि पिस्तूल तिच्यापुढे धरलं.

व्हर्नानं आत बघितलं. मग करंगळी आत घालून चाचपलं. रिकामं. मॅगझीन उचलली. तीही रिकामी.

"गोळ्या कुठायत?"

"जोलीनकडे. काल देऊन आलो."

"याच्या?"

"सगळ्या. घरातल्या बंदुकीच्यासुद्धा."

"ती काय म्हणाली?"

"गोळ्यांचा डबा घेतला, आणि कडेवरची पोर माझ्याकडे दिली. बराच वेळ परत घेतलीच नाही."

व्हर्नानं मॅगझीन टेबलावर ठेवली.

"आणि कोल्हे आले कोंबड्यांवर, तर?"

"तू ओरड. तुझा आवाज ऐकून पळतील."

तिनं पिस्तूल बंद केलं, मॅगझीन बसवली आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं पुन्हा कोपर वाकडं केलं. जमेना, तेव्हा तिनंच ते घेऊन म्यानात सरकवलं आणि वर शर्ट सारखा केला.

"उजवीकडे लाव ना," ती म्हणाली. "तुझ्या हाताला येईल असं."

"नको. हे असंच आहे."

टेटला जवळ घेताना ती नेहमी त्याच्या उजव्या अंगानं जायची. डावीकडे ते टोचायचं. कितीतरी वर्षांची सवय. आता ती डेलबर्टच्या डाव्या अंगाला गेली आणि कमरेला हात घातला. शर्टाखाली ते कडक, एवढंसं लागलं. तिनं हात तिथेच ठेवला. तोही हलला नाही. ताटाळ्यातली भांडी निथळत होती.

"चल," ती शेवटी म्हणाली. "मीही येते कुंपणाकडे."

त्या वर्षी त्या घरातलं एकच माणूस गेलं. टेट. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी.