दारावरचे तीन ठोके

“दार वाजलं, तरी तुम्ही उठला नाहीत. बाहेर मित्र होता, की मरण?” परीक्षक बाईंनी विचारलं.

लंबूने चेहऱ्यावरचा रंग पुसत नम्रपणे सांगितलं, “ते ज्याचं त्याने ठरवावं, बाई.”

एकांकिका दोन दीपगृह-राखणदारांची. वादळात एक जण दिवा बघायला बाहेर जातो, दुसरा दोन कप चहा ओतून त्याची वाट बघतो. कचेरीतली ही मंडळी सहा वर्षं स्पर्धेत तीच करत आली होती. दरवर्षी बाहेर गेलेला जखमी होऊन परतायचा, सात मिनिटं बोलून मरायचा आणि अभिनयाचं पदक घेऊन घरी जायचा. तो ढोल्या. लंबू नुसती मान हलवायचा. कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर, तिथेही हेच. यंदा दोघे निवृत्त होणार, म्हणजे पदकाची ही शेवटची संधी.

आज ढोल्या बाहेर गेला तो गेलाच. लंबू दारापाशी आला, क्षणभर त्यावर हात ठेवला आणि परत येऊन चहा ओतला. दारावर तीन ठोके पडले. मग पुन्हा तीन, जरा तावातावाने. लंबूने समोरच्या कपावर बशी झाकली आणि तो बसून राहिला. प्रेक्षकांत कुणाला तरी हुंदका आवरेना. पडदेवाल्याने थोडी वाट पाहिली आणि पडदा पाडला.

परीक्षकांत अर्धा तास जुंपली. एक म्हणाला, बाहेर मरण. दुसरा म्हणाला, मित्र मुळी नव्हताच, एकट्याच्या मनाचे खेळ. बाई मात्र त्या हातावरच अडल्या होत्या. “मित्राच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवलात,” त्या म्हणाल्या, आणि पदक लंबूला गेलं.

विंगेत खापर फुटलं सुतारावर. दार वाऱ्याने सारखं उघडतंय म्हणून सकाळी त्यानेच ठोकठाक केली होती, आणि लंबू बिचारा स्टूल धरून उभा होता. घामाघूम ढोल्या म्हणत होता, दार अडलं, मग काय भिंतीतून येऊ?

लंबूनेच सुताराची बाजू घेतली. “जाऊ दे रे. माणूस आहे, चुकतो.”

ढोल्याने त्याला मिठी मारली. “तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं,” म्हणाला, आणि पदक स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर लावलं.

सगळे गेल्यावर सुतार नेपथ्य सोडवायला आला. मागून दार ढकललं, हललं नाही. वळसा घालून तो रंगमंचावर आला. सकाळी बसवलेली नवी खिट्टी राखणदाराच्या खोलीच्या बाजूने होती, आणि शेवटपर्यंत सरकवलेली.