तालुक्याचा कोटा

"कातडीचा कॅन्सर ही गोऱ्या लोकांची बीमारी हाय. आपली कातडी पिढ्यान् पिढ्या उन्हात भाजून निघालेली, तिचं काय वाकडं व्हत न्हाई," बबनरावांनी जाहीर केलं.

वीस वर्षं पंचायत समिती गाजवलेला आवाज. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तो कातडीच्या डॉक्टरांच्या दारापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचला. टाळी मात्र पडली नाही. वक्त्याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा शेजारी बसलेल्या बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या पिशवीत, भाकरीला लागू नये म्हणून पेपरात गुंडाळलेला.

उघड्या तळपायाला काळा डाग होता. दिवाळीत काटा मोडला तेव्हा सत्यभामाबाईंनी बिब्ब्याचा चटका दिला होता. बिब्ब्याचा डाग महिन्या-दीड महिन्यात जातो. हा गेला नाही. मसुरीएवढा होता तो चिंचोक्याएवढा झाला, आणि त्याच्या कडा नकाशातल्या तालुक्याच्या हद्दीसारख्या वाकड्यातिकड्या झाल्या. तरी दोघंही आठ महिने बिब्ब्यालाच नावं ठेवत बसले.

मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी त्यातला तुकडा तपासायला घेतला. पोरगेलीशी बाई, जीव लावून बोलणारी. घाबरू नका काका, म्हणाली, आपल्या देशात या आजारानं वर्षाला दोन-तीन लाखांत एखादाच दगावतो. आकडा वर सरकतोय, पण हळूहळू.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन निवांत झोपला असता. पण बबनरावांचा जन्म कोटे वाटण्यात गेलेला. विहिरी, पत्रे, घरकुलं. दोन-तीन लाख म्हणजे बरोब्बर एक तालुका. म्हणजे दर तालुक्याला एक जागा. लोकसंख्या वाढली की जागा वाढणार, हेही रीतसर. आणि तालुक्याचा कोटा न भरता परत गेलेला त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. यादीत पहिलं नाव कुणाचं असतं, हे तर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

समोरच्या बाकावर एक ऊसतोड्या बसला होता. पाय घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत. बबनरावांनी नाव विचारलं. सुग्रीव. तोडीला गेलतो, तो सांगू लागला, तवा अंगठ्याखाली काळं दिसलं, वाटलं पाचटाचं कुसळ गेलं असंल. अंगठा काढला. आता जांघेत गाठ आलीय.

"लाखांत एकाला व्हतंय म्हणले," सुग्रीव हसला. "आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाचा नंबर आला."

बबनरावांना एकदम हलकं वाटलं. जागा भरली होती. हलकं वाटल्याची लाजही वाटली, पण ती थोडी होती. त्यांनी पिशवीतून भाकरी काढून अर्धी सुग्रीवच्या हातावर ठेवली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा स्वतः घास मोडला.

"कोणतं गाव म्हणायचं, पाव्हणं?"

"युसूफ वडगाव."

सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला. माहेरच त्यांचं. कोणत्या गल्लीतले, वेशीजवळचा लिंब हाय का अजून, त्या विचारत सुटल्या. बबनरावांना यातलं काही ऐकू आलं नाही. घास तोंडातच राहिला. युसूफ वडगाव म्हणजे तालुका केज. भरली ती केजची जागा.

त्यांच्या स्वतःच्या तालुक्याची, अंबाजोगाईची जागा रिकामीच होती.

तेवढ्यात आतून पुकारा झाला. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तपासणीच्या रिपोर्टाचं बंद पाकीट होतं. तिनं केसपेपर पुढं ओढला आणि नेहमीप्रमाणं वाचून घेतलं: वय बासष्ट, मुक्काम घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई. बरोबर ना, काका? आणि पाकिटाकडं हात नेला.

बबनरावांनी पाकिटावर पंजा ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं झाली. घरजावई म्हणतील म्हणून या माणसानं सासुरवाडीत दुसरी रात्र कधी काढली नव्हती. त्यांनी दाराबाहेर बसलेल्या बायकोकडं एकदा पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला.

"बाई, उघडायच्या आधी तेवढा पत्ता दुरुस्त करा. मुक्काम युसूफ वडगाव, तालुका केज. सासुरवाड हाय माझी, खोटं न्हाई. पेन माझ्याजवळ हाय."