आपलं स्वतःचं बाथरूम

“यातलं काहीही नव्या घरी जाणार नाही,” जावई म्हणाला आणि फळीवरच्या साबणाच्या झिजून उरलेल्या सहा चिपट्या त्याने एका झटक्यात टाकाऊ खोक्यात लोटल्या.

सासूबाई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वाकून एक चिपटी उचलली, वास घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवली.

“अजून चालेल,” त्या म्हणाल्या.

जावयाने नाक मुरडलं. सहा वर्षं तो हेच बघत आला होता. शाम्पू संपला की बाटलीत पाणी, ते संपलं की पुन्हा पाणी. टूथपेस्टची नळी आधी लाटायची, मग कात्रीने उभी चिरायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या घराने तो प्रयोग नेटाने चालवला होता, असं त्याचं मत होतं.

तो व्यवसायाने सल्लागार होता. सल्ला अजून कोणी मागितला नव्हता, पण त्याची तयारी होती. लग्नानंतर थोडे दिवस म्हणून तो सासरी राहायला आला आणि ते थोडे दिवस अजून चालू होते. माणसं चार, बाथरूम एक. सकाळी दीड तास तो आत असे. तेवढ्यात सासरे दोनदा दार वाजवत, एकदा खोकत आणि शेवटी आंघोळीची गोळी घेऊन कामावर जात. असं सारखं दार वाजत असताना माणसाची बुद्धी फुलणार कशी, असं तो बायकोला विचारी. ती रांगेत तिसरी असे.

सासूबाईंनी मात्र त्याचा मान कधी कमी केला नाही. जगाला अरे-तुरे करणारी ही बाई जावयाशी ‘आपण’ सोडून बोलत नसे. आपण जेवून घ्यावं. आपण पंखा बंद करत जावा. आपण जरा पाय वर घ्यावेत, केर काढायचाय. या घरात दर्जेदार म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

महिन्यापूर्वी जेवताना त्या म्हणाल्या होत्या, “आपण आता नव्या घरी जायचं. जागा बघून ठेवलीय.”

“बाथरूम?” त्याने विचारलं होतं.

“बेडरूमला लागूनच. आपलं स्वतःचं. दार वाजवायला कोणी येणार नाही.”

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट स्वतः उचललं.

ती बेडरूम आपल्याच वाट्याला आली पाहिजे, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. म्हातारा-म्हातारी हॉलमध्ये झोपतील, हॉलमध्ये हवा चांगली येते. आणि बाथरूम कुणाचं? ज्याच्या बाटल्या आधी मांडल्या जातील त्याचं. म्हणून आज सहा वर्षांत पहिल्यांदाच तो घरकामाला लागला होता. लागला होता म्हणजे पालथ्या बादलीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता.

दाढीचं तेल, दाढीनंतरचं तेल, केस बसवायचं मेण, केस उठवायचं मेण, तीन टॉवेल. सगळं रद्दीत गुंडाळून, झाकणांना चिकटपट्टी लावून पाच खोकी भरली. सासूबाईंनी प्रत्येकावर ठळक अक्षरांत ‘जावईबापू’ लिहिलं. ते त्याला योग्य वाटलं.

टाकाऊ खोक्यात बाकीच्यांचं गेलं. सासऱ्यांचा टाच घासायचा दगड. बायकोचा कंगवा, बायकोचा ब्रश. तडकलेला मग.

“हे या घराचं बोधचिन्ह,” मग वर धरून तो म्हणाला.

सासूबाईंनी त्यातली एकेक वस्तू काढली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून त्याने नाद सोडला.

कोपऱ्यात सासरे स्टुलावर बसून नळाचा वायसर बदलत होते.

“निघायच्या दिवशी नळ दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय,” जावई म्हणाला. “घरमालकाचे जावई आहात का तुम्ही?”

“गळत होता,” सासरे म्हणाले.

ही माणसं अशीच. त्याच्या खोलीतलं सामान बायकोने कालच बांधलं होतं, पण सासू-सासऱ्यांच्या कपाटाला अजून कोणाचा हात लागला नव्हता. ऐन वेळी धावपळ करतील आणि मग दमलो म्हणतील. टेम्पोसुद्धा बोलावला तो लहान. दोन फेऱ्या होतील, असं त्याने बजावलं. कोणी ऐकलं नाही.

नव्या बाथरूममध्ये तुला कितवा कप्पा हवा, असं त्याने बायकोला मोठ्या मनाने विचारलं.

“मला तिथे कप्पा नको,” ती म्हणाली. “सगळे तुम्हीच वापरा.”

सहा वर्षांत ती पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलली होती.

खोकी खाली गेली. टेम्पो भरला. जावई ड्रायव्हरशेजारी खिडकीची जागा धरून बसला. मागे ताडपत्री बांधून झाली तरी घरच्यांचा पत्ता नव्हता. मग सासूबाई उतरल्या, घरातल्याच चपलांवर. त्यांच्या मागे बायको, खांद्यावर टॉवेल टाकून. सासरे आलेच नाहीत. वर बाथरूमच्या खिडकीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी बेसूर गात होतं.

“आता आंघोळ?” जावई वैतागला. “सासूबाई, उशीर होतोय. आपण निघायचं ना?”

सासूबाईंनी खिडकीतून त्याच्या हातात नव्या घराची किल्ली ठेवली आणि नेहमीच्याच अदबीने म्हणाल्या, “हो, आपण निघावं. आम्ही कुठे निघालोय?”