परत एकदा सांगा

"परत एकदा सांगता का, डॉक्टर?" आईने विचारलं, आणि लेकीने डोळे मिटून घेतले.

दर खेपेला हेच. डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. पुन्हा पोट काढलं, पोटात यकृत काढलं, यकृतावर ठिपके दिले. बाई हुशार, पण चित्रकला बेताची. यकृत चपलेसारखं दिसत होतं.

"कळलं ना, काकू?"

"हो. पण परत सांगा."

लेकीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? आईला सगळं कळलंच पाहिजे, तिच्यापासून काही लपवायचं नाही, असं तिने भावाला फोनवर ठणकावून सांगितलं होतं. डॉक्टरांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून जेवताना ऐकवलं होतं. अवघड शब्द सोपे करून दिले होते. 'पसरलंय' हा शब्द तिला फार कडक वाटला, म्हणून 'थोडं सरकलंय' म्हणाली होती. आणि आई? रेकॉर्डिंग चालू असताना मीठ मागायची.

बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती. एकाने तर दार किलकिलं करून दोनदा आत पाहिलं.

"आई, किती वेळा तेच ते? त्यांना बाकीचे पेशंट आहेत. घरी गेल्यावर मी सांगते ना नीट."

"तुझं नको. तू बिया काढून भरवतेस."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, आता तुम्ही सांगा. मी काय म्हणाले ते, तुमच्या शब्दांत."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आजार यकृतात पसरलाय. तो आता जायचा नाही. नवी इंजेक्शनं घेतली तर काही महिने जास्त मिळतील, पण ते पलंगावर जातील. नाही घेतली तर कमी मिळतील, पण बराच काळ मी माझ्या पायांनी हिंडेन. घ्यायची की नाही, ते आज सांगायचंय."

कुठे काही चुकलं नव्हतं. लेकीचा पारा आणखीच चढला.

"एवढं सगळं कळतंय, तर मग दर खेपेला आमचा जीव का खातेस?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. इंजेक्शनं नकोत, हेही तेव्हाच ठरलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आज बसमध्ये तू काय म्हणालीस? इंजेक्शनं संपली की दादाकडे राहायला जाऊ, तोवर तुझे केसही वाढतील."

"अगं, ते मी तू बरी झाल्यावरचं बोलत होते," लेक वैतागून म्हणाली.

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग टेबलावरचा कागद उचलून तिच्यासमोर ठेवला.

"डॉक्टर, परत एकदा सांगा," ती म्हणाली. "हिला अजून कळलेलं नाही."