परत पाणी पिणारी काकडी

किसलेल्या काकडीला मीठ लावून कुमुदताईंनी ती पुन्हा घट्ट पिळली. ताटलीत पाणी गळलं आणि बघता बघता काकडीने ते परत शोषून घेतलं. मऊ पडलेला कीस पुन्हा करकरीत झाला.

"शर्वरी, ही कसली गं तुझी काकडी? सुटलेलं पाणी परत पितेय मेली!"

शर्वरी हसतच स्वयंपाकघरात आली. प्रयोगशाळेच्या मळ्यातलं हे पहिलंच पीक होतं. पेशीतली पाण्याची पिशवी, म्हणजे रिक्तिका, आटली की पेशीने ती नव्याने घडवून भरायची, असं बियाणं तिने तयार केलं होतं. तिची भाजी कधीच सुकणार नव्हती.

"पण चिरल्यावर हे थांबायला हवं होतं," ती पुटपुटली आणि तिने किसात बोट खुपसलं. बोटाचं टोक तिच्या डोळ्यांदेखत सुरकुतलं.

"आई, ही कुणी खाल्ली का?"

"हृषीने. दोन काकड्या, उभ्याउभ्याच."

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ हृषीकेश दारात आला. "ताई, तुझा सत्कार नंतर करू. आधी पाणी दे. तांब्या संपवला तरी घसा कोरडाच आहे."

त्याचे ओठ फुटले होते. शर्वरीने त्याच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

कुमुदताईंनी भरलेला पेला पुढे केला. शर्वरीने त्यांचा हात धरला. हे पाणी हृषीला मिळणार की त्याच्या पोटातल्या काकडीला, हे तिला सांगता येईना.