शकुबाईची मूठ

तुम्ही माझ्या आईचं, शकुबाईचं, इंजेक्शन बदललंत आणि तिला एका शब्दानं विचारलं नाहीत. ती पंचवटीच्या बाजारात मेथीच्या जुड्या बांधते. सांधेवातानं वाकडी झालेली तिची बोटं तुमच्याच दवाखान्यात सरळ झाली, पावसाळाभर ती भराभर गाठी मारत होती. परवा मी नर्सला सहज विचारलं, "खोक्यावर नाव वेगळं कसं?"

"बायोसिमिलर आहे, ताई. मूळ औषधासारखंच, फक्त दुसऱ्या कंपनीचं. गुण तोच. आजींना जूनपासून हेच देतोय की."

आईनं खोकं हातात घेतलं. "म्हणजे हे माझं औषध नाय?"

"आजी, याच्यानंच तर बऱ्या राहिलात."

"मला कुणी बोललं नाय," आई म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची बोटं एकेक करून खोक्याभोवती वळत गेली. ती अजून उघडलेली नाहीत. खोकं आतच आहे. काल तुमच्याच डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, सूज नाही, रक्ताचा रिपोर्ट उत्तम आहे, औषध लागू पडतंय.

मग ही मूठ आतून कोण धरून बसलंय, ते सांगा.