विहिरीत सोडलेला कंदील

"तुझं यंत्र कोणाच्या बाजूनं बोलतं, पोरी?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"कोणाच्याच नाही, आजी. हवेत काय आहे तेवढंच सांगतं."

"मग बरं हाय. आमच्या गावात तसं माणूस न्हाई."

प्रतिक्षा हसली नाही. हसायची ती जागाच नव्हती.

ते यंत्र दिवाळीपासून गोरेगावच्या शिवारात, पार्वतीबाईंच्या हळदीच्या रानात उभं होतं. एका टोकाला पेटी, दुसऱ्या टोकाला आरसा. पेटीतून डोळ्याला न दिसणारा उजेड निघायचा, आरशावरून माघारी यायचा, आणि वाटेत कोणता वायू किती होता ते पडद्यावर उमटायचं. औंढ्याची ही पोर विद्यापीठात शिकत होती आणि शेतावरची हवा मोजायला यायची. आज पार्वतीबाईंनी तिला यंत्र विहिरीच्या काठावर आणायला लावलं होतं.

त्याच विहिरीत त्यांचा सोमेश्वर गेला होता. मोटार काढायला उतरला आणि अर्ध्यातूनच खाली कोसळला. परवा त्याचं तेरावं झालं.

काठावर प्रेमदास उकिडवा बसला होता. तांड्यावरचा माणूस, ऐन तरणा असल्यापासून या घरची जमीन बटईनं करणारा. त्या दिवशी सोमेश्वरबरोबर तो एकटाच होता.

"सांग हिला, काय केलंस ते."

"केलं काय, माय. नेहमीसारखा आधी कंदील सोडला, दोरीला बांधून." तो प्रतिक्षाकडं वळला. "उतरायच्या आधी सोडावाच लागतो, मॅडम. खाली हवा खराब असली की दिवा इझतो. मंग कोणी उतरत न्हाई."

"अन् इझला?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"न्हाई. पार पाण्याला टेकला तरी लागलेला होता. वर वढला तरी लागलेलाच. तवा सोमेश्वर उतरला."

"ऐकलंस, पोरी? इतकी वर्षं माझ्या घरचं खाल्लं, अन् खोटं बोलायला अजून शिकला न्हाई."

"माय, म्या..."

"गप. आळस केलास. सोडलाच न्हाईस तू. कंदील मी माझ्या हातानं दिला होता. सोम्यानं पडवीतलं जुन्या कंदिलाचं गंजकं डबडं उचललं होतं. मीच म्हणलं, ते ठेव, देवघरापाशी टांगलेला घेऊन जा. नरसीच्या यात्रेतून आणलेला हाय. काचेला काजळीचा एक ठिपका दाखव म्हणावं कोणी."

कंदील अजून विहिरीजवळच्या लिंबाला लटकत होता. त्या दिवशी घाईत प्रेमदासनं तिथं अडकवला, तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता.

"आता नीट ऐक," पार्वतीबाई म्हणाल्या. "विहिरीत खराब हवा नसली, तर माझ्या लेकाचं नशीब म्हणीन अन् तुझी माफी मागीन. असली, तर दिवा इझायला पाहिजे होता. म्हणजे तू सोडलाच न्हाईस, हे बराबर ठरलं. मंग दुपारच्या जीपनं आपण दोघं सेनगावला, ठाण्यात. कबूल?"

प्रेमदासनं विहिरीकडं पाहिलं. "कबूल."

प्रतिक्षानं आरसा दोरीला बांधून पाण्यापर्यंत सोडला, पेटीचं तोंड खाली केलं. पडद्यावरचा आकडा चढत गेला. तिनं ओढणीनं पडदा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"बोल की. लेकाला जाळून आलेली बाई हाय मी. मला काय भ्यायचं राह्यलं?"

"तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलाय, आजी. जड वायू असतो, खालीच बसून राहतो. माणूस लगेच बेशुद्ध पडेल."

"अन् दिवा?"

"ज्योत क्षणभरसुद्धा टिकणार नाही."

पार्वतीबाई काठाच्या दगडावर बसल्या. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रेमदासला सोसवेना.

"तुझ्या लेकरांला मी सोम्याच्या ताटात जेवू घातलं रे."

"लेकरांची आण, माय. सोडला होता."

"मंग सोड परत. या पोरीसमोर सोड. तो इझू दे, अन् तू गुमान जीपमध्ये बस."

प्रेमदास उठला. लिंबावरचा कंदील काढला, धोतराच्या सोग्यानं काच पुसली, कडीला दोरी बांधली.

प्रतिक्षानं आपली पिशवी चाचपली. "काडेपेटी आहे का कोणाकडं?"

प्रेमदासनं तिच्याकडं नवलानं पाहिलं.

"काडी काहून लागते, मॅडम?" म्हणत त्यानं कंदिलाच्या बुडाचं बटण दाबलं. काचेत बॅटरीचा दिवा लागला.